पासष्टीतला खोडवा



ऊस तुटून गेला की रान मोकळे दिसते. पण बुडख्यात जीव असतो. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत ठेवली, वेळेवर पाणी दिले की कोंब फुटतात. बेण्याचा खर्च नाही, मुळे आधीच खोल गेलेली. गटात फिरताना आम्ही हेच सांगतो. आजचा खोडवा मात्र उसाचा नाही, एका शेतकरी बाईंचा आहे.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांचा जन्म अमेरिकेत 1867 साली झाला. 1894 मध्ये नवरा-बायकोने डकोटा सोडून मिसूरी राज्यात मॅन्सफील्ड गावाजवळ 40 एकर दगडगोट्यांचे रान घेतले. सफरचंदाची बाग लावली, कोंबड्या पाळल्या. 1911 पासून बाई ‘मिसूरी रूरॅलिस्ट’ या शेतकी पत्रात लिहू लागल्या. पण पहिली कादंबरी निघाली 1932 साली. तेव्हा वय होते 65!

निमित्त पैशाचेही होते. 1929 च्या शेअरबाजाराच्या पडझडीत पुंजी गेली. मग बाईंनी पेन्सिलीने शाळकरी वह्यांत आपली हकीकत लिहिली. ती कोणी प्रकाशक छापेना. तेव्हा त्यातलाच मजकूर गोष्टीच्या रूपात घातला; ‘मी’ची ‘लॉरा’ झाली. लेक रोझ स्वतः लेखिका. तिने त्यावर भरपूर हात फिरवला, हेही सांगितले पाहिजे.

वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी आपल्याबरोबर जाऊ नयेत, एवढाच बाईंचा हेतू. एका पुस्तकावर थांबायचे ठरले होते. पण मुलांची पत्रे येऊ लागली : पुढं काय झालं? मग 1937 च्या पुस्तकात टोळधाडीने फस्त केलेला गहू आला. 1940 च्या पुस्तकात 1880-81 चा हिवाळा आला : बर्फाने रेल्वे बंद, सरपण म्हणून गवताचे पीळ, आणि कॉफीच्या चक्कीत दळलेल्या गव्हाची भाकरी. 1943 पर्यंत आठ पुस्तके झाली. फार खोडवे घेऊ नका, असे आम्ही सांगतो. बाईंनी आमचे ऐकले नसते!

पण कादंबरीच का? बाईंचा धाकटा भाऊ 1876 मध्ये नऊ महिन्यांचा होऊन वारला. कादंबऱ्यांत तो नाही. आम्हाला वाटते, गोष्टीत जे सोसवत नाही ते बाजूला ठेवता येते, म्हणून बाकीचे सांगायला धीर येतो. मात्र यात धोकाही आहे. ज्यांच्या जमिनीवर ही घरे उठली, त्या मूळ रहिवाशांचे चित्र त्यांनी एकांगी रंगवले, अशी टीका झाली. 2018 मध्ये तिकडच्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्य पुरस्काराला दिलेले त्यांचे नाव काढले. म्हणून एकाने लिहून भागत नाही, बांधापलीकडच्यानेही लिहावे.

हे सारे सांगायचे कारण असे. गेल्या हंगामात आमच्या गटातले एक जुने सभासद गेले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन घर कसे तगवले, ते बांधावर बसून सांगायचे. ‘एकदा लिहून घेऊ’ असे आम्ही म्हणत राहिलो, आणि ते राहूनच गेले. त्यांचे क्षेत्र सातबाऱ्यावर आहे, टनेज कारखान्याच्या दप्तरात आहे. ती हकीकत कुठेच नाही.

तेव्हा साठी ओलांडलेल्या सभासदांनी एक वही करावी. अक्षर वाकडे असले तरी चालेल. नाहीतर नातवाला सांगा, तो लिहील. ‘मी’ म्हणायला जड जात असेल तर नाव बदला, गोष्ट करा. एक झाली की दुसरी आठवतेच. वही गट ऑफिसात आणून द्या. यंदा आम्ही टाळणार नाही.

— ऊस विकास अधिकारी