झरा राखायचा तर माथा राखा

सह्याद्रीतल्या ओढ्याला उन्हाळ्यात दिसणारे पाणी पावसाळ्यात डोंगरात मुरलेले असते. ते मुरमातून, खडकाच्या भेगांतून उतरते, कठीण पाषाणावर किंवा तांबड्या गेरूच्या थरावर अडते आणि झरा होऊन बाहेर पडते. वाटेत चुन्याचे, मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळतात. मुक्काम जितका लांब, तितके पाणी जड आणि साबणाला फेस कमी. पावसाच्या सरीबरोबर झरा गढूळ झाला, तर पाणी जवळच्या उतारावरचे समजावे व उकळूनच प्यावे.

हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावते आणि पाऊस एकदम कोसळतो. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. असे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते आणि झरा लवकर आटतो.

म्हणून झऱ्याचे तोंड खणत बसू नका. वरच्या उतारावर समपातळीत चर काढा, गवत-झाडोरा राखा, चराई थांबवा. बादली भरायला किती वेळ लागतो, ते दर पंधरवड्याला वहीत लिहा. झऱ्याची तब्येत त्यावरून कळेल.