ओढ्याच्या तळाशी राहणारे साक्षीदार

ओढ्याचे पाणी नितळ दिसले की ते शुद्ध आहे, असे आपण सहज मानून चालतो. बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलेले पाणीही केवळ त्या क्षणाची हकीकत सांगते. काल रात्री काय वाहून गेले, ते सांगतेच असे नाही. ते सांगतात तळाच्या दगडगोट्यांना बिलगून महिनोन्‌महिने राहणारे कीटक. स्टोनफ्लाय व मेफ्लाय यांच्या पिलांना भरपूर प्राणवायू लागतो. पाणी बिघडले की ती आधी नाहीशी होतात. उलट, काही लाल अळ्यांच्या अंगी हिमोग्लोबिन असल्याने त्या कुजक्या गाळातही तग धरतात. म्हणून कीटक आहेत एवढ्यावर समाधान न मानता कोणते आहेत, हे पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींनी २००७ पासून हे काम देशभर हाती घेतले. प्रशिक्षित स्वयंसेवक दरमहा ठरलेल्या जागी प्रवाहात उतरतो, पुढे जाळी धरून ३ मिनिटे पायाने तळ ढवळतो आणि हाती आलेले जीव पांढऱ्या तबकात ओततो. ८ गटांची गणना होते. एका गटाचे ९ पर्यंत जीव असल्यास १ गुण, ९९ पर्यंत २, याप्रमाणे; एकेक जीव काटेकोर मोजत बसावे लागत नाही. बेरीज त्या जागेच्या ठरीव मर्यादेखाली गेली, की शासकीय यंत्रणेला कळवायचे. मोजलेले जीव पुन्हा प्रवाहात सोडतात. आमच्या वाचकांच्या मनात हा प्रश्न प्रथम येईल, हे आम्ही जाणतो.

जुलै २०१३ मध्ये इंग्लंडच्या केनेट नदीवर, मार्लबरो गावाच्या खाली, स्वयंसेवकांच्या तबकात जवळजवळ काहीच आले नाही. तपासात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडले. ते सांडपाण्याच्या वाटेने नदीत उतरले होते. सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा बाधित झाला होता. शासकीय तपास सुरू झाला, तो त्या रिकाम्या तबकामुळे.

भारतातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळजीवांवर आधारित निकष ठरविले आहेत. मात्र आपले बरेच ओढे उन्हाळ्यात आटतात, आणि पावसाळ्यात तळच खरवडून निघतो. तिकडची मर्यादा येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. आधी एखादा निरोगी ओढा, तो वाहता असेतो, दरमहा पाहून आपली स्वतःची नोंदवही भरावी लागेल.