नाताळची बेबिंका आणि नाचणीची शेतं

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या घराघरांत नारळाचा रस काढायची लगबग सुरू होते. दोदोल, नेवऱ्या, बोलिन्हास सगळंच आवडीचं, पण खरं कसब बेबिंका करण्यात! नारळाचा घट्ट रस, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, मैदा, थोडं जायफळ. एक पळी पीठ ओतायचं, वरून आच द्यायची, थर तांबूस झाला की चमचाभर तूप सोडायचं आणि मगच पुढची पळी. असे निदान ७ थर. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. आता ओव्हनची फक्त वरची कॉइल चालू ठेवली तरी जमतं. घाई केली तर थर सुटे राहत नाहीत, म्हणून निम्मा दिवस हाताशी ठेवाच. आणि कापायची ती पूर्ण गार झाल्यावर.

सजावटीत मला सर्वांत प्रिय गोठा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी येशूजन्माचा देखावा उभा केला, तिथून ही प्रथा रुजली. गोव्यातल्या गोठ्यात हिरवी शेतं हवीत, तीही खरी! ताटात माती पसरून नाचणी आधीच पेरून ठेवा. दारातल्या चांदणीला बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद पुरतो. फक्त जोड दोऱ्याने घट्ट आवळा, नाहीतर कागद सुरकुततो.