पाच वर्षांचा राजा

मलेशियात राजा आहे म्हणजे बापामागून मुलगा गादीवर बसत असणार, असे आपण सहज धरून चालतो. पण सध्याचे राजे सुलतान इब्राहिम ३१ जानेवारी २०२४ रोजी गादीवर आले आणि त्यांची मुदत आहे पाच वर्षांची. त्यांच्या आधी पहांगचे सुलतान अब्दुल्ला होते, त्याआधी केलांतानचे सुलतान मुहम्मद पाचवे. या मुहम्मदांनी तर जानेवारी २०१९ मध्ये मुदत संपण्याआधीच राजीनामा दिला. केदाहचे सुलतान अब्दुल हलीम दोनदा राजे झाले, १९७० ते १९७५ आणि पुन्हा २०११ ते २०१६.

मग तिथली जनता राजा निवडते का? तेही नाही. गुप्त मतदान होते खरे, पण मतदार नऊच. मलेशियाच्या तेरा राज्यांपैकी नऊ राज्यांत स्वतःची राजघराणी आहेत. त्यांचे प्रमुख 'राजांच्या परिषदेत' जमतात आणि आपल्यातल्या एकाला 'यांग दि-पर्तुआन आगोंग', म्हणजे देशाचा राजा, करतात. निदान पाच मते लागतात. पहिल्या फेरीत जो क्रम पडला तोच परंपरेने पाळला जात असल्याने पुढची पाळी कुणाची, हे बहुधा आधीच ठाऊक असते. निवड झालेला सुलतान कौलालंपूरला येतो आणि त्याच्या राज्याचा कारभार तेवढा काळ प्रतिशासक पाहतो. पुढचा घोटाळा असा की नऊही घराण्यांत गादी सारखी चालत नाही. नेगेरी सेंबिलानचा प्रमुख राजघराण्यातलाच असतो, पण त्याला निवडतात चार परगण्यांचे पारंपरिक सरदार. त्याच राज्याचे तुआंकू अब्दुल रहमान १९५७ मध्ये देशाचे पहिले राजे झाले.

संघराज्य आणि राजेशाही एकत्र नांदतात कशी, हा प्रश्न इथेच सुटतो. मलेशियात राजेपण मुळात राज्यांचे आहे. केंद्राने ते पाळीपाळीने उसने घेतले आहे. ब्रिटिशांनी मलायात वेगवेगळ्या सुलतानांशी वेगवेगळे करार केले होते. स्वातंत्र्याच्या वेळी ही घराणी बाजूला सारणे कुणाला परवडणारे नव्हते आणि एकालाच कायमचे वर बसवणे इतरांना मान्य झाले नसते. घटनेचा मसुदा लॉर्ड रीड यांच्या आयोगाकडे होता. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिकही होते. मलेशियाच्या घटनेतही केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्या पाहून आपल्याला घरच्यासारखे वाटते, त्यात नवल नाही. जमीन आणि इस्लामविषयक बाबी राज्यांकडे, तर संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, शिक्षण हे केंद्राकडे.

उरलेल्या चार राज्यांत, म्हणजे पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक इथे, सुलतान नाही. तिथे राज्यपालासारखा नेमलेला प्रमुख असतो. परिषदेच्या सभांना तो येतो, पण राजा निवडताना त्याला मत नाही.

राजा म्हणजे निव्वळ नोटेवरचे चित्र, हा समज मात्र अलीकडच्या घडामोडींनी पुरता खोडून काढला. एरवी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतो. संसदेने संमत केलेल्या विधेयकावर त्याने ३० दिवसांत संमती दिली नाही, तर १९९४ च्या दुरुस्तीनुसार ती मिळाली असे मानून कायदा होतो. (आपल्या घटनेत राष्ट्रपतींना अशी मुदत घातलेली नाही.) पण पंतप्रधान कुणाला नेमायचे आणि संसद विसर्जित करण्याची विनंती मानायची की नाही, हे राजाच्या स्वविवेकावर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान महाथीर यांनी राजीनामा दिला, तेव्हा राजाने खासदारांना राजवाड्यावर बोलावून पाठिंब्याची विचारणा केली आणि १ मार्चला मुहयिद्दीन यासीन यांचा शपथविधी झाला. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळाले नाही, तेव्हा पाच दिवसांच्या खलबतांनंतर राजाने अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधान नेमले. बहुमत स्पष्ट असले की हा अधिकार दिसत नाही; ते विस्कटले की सगळ्यांच्या नजरा राजवाड्याकडे वळतात.

कायद्यापुढेही हे राजे मोकळे नाहीत. १९९३ च्या घटनादुरुस्तीने त्यांचे वैयक्तिक संरक्षण काढून घेतले आणि त्यांच्यावरील खटल्यांसाठी विशेष न्यायालय निर्माण केले.

सगळी राज्ये सारखी, असे मानणाऱ्याने कौलालंपूरहून विमानाने सारावाकच्या कुचिंगला जाऊन पाहावे. मलेशियन नागरिक असूनही इमिग्रेशनच्या काउंटरवरून जावे लागते. साबा आणि सारावाक १९६३ मध्ये संघराज्यात आले, ते स्थलांतरावरचे नियंत्रण आपल्या हाती ठेवूनच. सिंगापूरही तेव्हाच सामील झाले होते. ऑगस्ट १९६५ मध्ये ते बाहेर पडले.

आता शेवटचा समज: लोकशाहीत जी उणीव असेल ती राजामुळेच असणार. देवान राक्यात या कनिष्ठ सभागृहाचे सर्व २२२ सदस्य थेट जनता निवडते. वरिष्ठ सभागृहाच्या ७० जागांपैकी ४४ मात्र नेमणुकीच्या आहेत आणि त्या नेमणुका राजाच्या नावाने होत असल्या तरी सल्ला सरकारचा असतो. राज्यांच्या विधानसभा प्रत्येकी दोनच, म्हणजे एकूण २६ सदस्य पाठवतात. त्याहून मोठी उणीव आणखी खाली आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुका मलेशियात १९६५ मध्ये स्थगित झाल्या, पुढे कायद्यानेच बंद झाल्या. महापालिकेची अनेक वर्षे प्रशासकाच्या हाती गेलेली पाहिलेल्या मुंबईकराला हे समजेल. मलेशियात तीच कायमची व्यवस्था आहे. नगरसेवक राज्य सरकारे नेमतात, कौलालंपूरचा महापौर केंद्र नेमते आणि यात कुठल्याही सुलतानाचा हात नाही.