गाळ्यातला कामगार आणि साठीनंतरची पेन्शन

मी भाईंदरला राहतो, म्हणून उदाहरण घरचेच घेतो. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी घडवणारे लहान लहान गाळे आहेत. गाळ्यात माणसे आठ-दहा. भविष्यनिर्वाह निधी मात्र 20 किंवा अधिक कामगार असतील तरच कायद्याने सक्तीचा. म्हणजे पॉलिशच्या मशिनवर तीस वर्षे उभा राहिलेला माणूस साठीला रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो. मग सांभाळायचे कोणी? मुलांच्या डोक्यावर तर घराचा हप्ता!

अशांसाठी 2015 साली अटल पेन्शन योजना आली. वय 18 ते 40 असावे आणि आयकर भरणारा नसावा. बँकेच्या किंवा टपाल कार्यालयाच्या बचत खात्यातून हप्ता जातो. साठीनंतर महिना 5,000 रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला दरमहा 210 रुपये पुरतात. तिसाव्या वर्षी 577 आणि चाळिसाव्या वर्षी 1,454. पहिला 42 वर्षांत 1,05,840 रुपये भरतो, शेवटचा 20 वर्षांत 3,48,960. पेन्शन दोघांना सारखीच! फरक आहे तो व्याजाला मिळालेल्या वेळेचा. सदस्याच्या पश्चात जोडीदाराला तेवढीच पेन्शन मिळते.

पण 5,000 रुपयांत आजही घर चालत नाही. महागाईमुळे पुढे आणखी कमी भागेल. म्हणून जोडीला पीपीएफ ठेवा. वर्षाला किमान 500 रुपये, मुदत 15 वर्षे. पगार हाती आला की आधी बचत, मग वाणसामान. ‘उरले तर टाकू’ म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही. घरातला मुलगा नुकताच कामाला लागला असेल, तर याच महिन्यात त्याला बँकेत घेऊन जा.