स्टेशनच्या पाटीवरचा पहिला धडा

‘आता या वयात इंग्रजी शिकून काय कलेक्टर व्हायचंय?’ हा प्रश्न आम्ही दिघ्यात किती वेळा ऐकला, त्याची मोजदाद नाही. विचारणाऱ्या बहुतेक आमच्याच मावश्या, काकू आणि आत्या. विचारताना त्या हसतात. पण त्या हसण्याखाली एक जुनी भीती दडलेली असते. ‘आपल्याला काही ते जमायचं नाही’ ही ती भीती. ती खरी आहे की कुणीतरी आपल्या मनात घालून ठेवलेली आहे, याचा विचार आपण एकदा घरात बसून केला पाहिजे.

आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. पंचावन्नच्या पुढे वय. एका कंपनीत साफसफाईच्या कामावर होत्या. काम सुटले, तेव्हा पगारातून कापलेले हक्काचे पैसे मिळावेत म्हणून त्यांनी अर्ज केला. अर्ज परत आला. पुन्हा पैसे देऊन कुणाकडून तरी भरून घेतला, पुन्हा परत आला. कारण एवढेच की, एका कागदावरचे त्यांचे इंग्रजीतले नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी जुळत नव्हते. दोन्ही कागद चार महिने त्यांच्या पिशवीत होते. चूक त्यांच्याच हातात होती आणि त्यांना ती दिसत नव्हती!

या ताई निरक्षर नाहीत. त्या मराठी वाचतात, ग्रंथाचे पान वाचून दाखवतात, सही करतात. मग इंग्रजी अक्षरापुढेच त्यांचे डोळे का थांबतात?

नापास कोण?

दिघ्याची वस्ती कष्टकऱ्यांची. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला डोंगर. आणि मधल्या जागेत रामनगर, गणपतीपाडा, इलठणपाडा, यादवनगर. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढेही गावाकडून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे ठाणे-मुंबईच्या अशा वस्त्यांत वसली. त्या घरांतल्या मुलींची शाळा तिसरी-चौथीत सुटली. लहान भावंडे सांभाळायची होती, खुरपायला जायचे होते.

त्या काळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. म्हणजे चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या वाट्याला इंग्रजीचे एक अक्षरही आले नाही. ती इंग्रजीत नापास झालेली नाही. तिला इंग्रजी कुणी शिकवलेच नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते आधी त्या बाईला समजले पाहिजे.

दुसरी गोष्ट. इंग्रजी येत नाही म्हणणारी हीच बाई दिवसभरात किती इंग्रजी शब्द बोलते, ते मोजून पाहा. स्टेशन, तिकीट, बस, लाईट, बिल, गॅस, कप, टेबल, फॉर्म, कंपनी, शिफ्ट, ओव्हरटाइम, डॉक्टर, रिपोर्ट. शे-दीडशे शब्द सहज निघतील. शब्द तोंडात आहेत, अर्थ डोक्यात आहे. फक्त अक्षर ओळखायचे राहिले आहे. अर्धे काम झालेलेच आहे!

पाठांतर म्हणजे वाचन नव्हे

कुणी शिकवायला बसले की पहिली चूक होते ती इथे. मुलांचे चित्रांचे पुस्तक पुढे ठेवतात आणि ए, बी, सी, डी पाठ करायला लावतात. महिनाभरात सव्वीस अक्षरे पाठ होतात. पण पाटी वाचता येत नाही. मग ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणून बाई वही बंद करते.

याचे कारण साधे आहे. आपल्या मराठीत अक्षराचे नाव आणि उच्चार एकच. ‘क’ चे नाव क आणि उच्चारही क. इंग्रजीत तसे नाही. अक्षराचे नाव ‘एच’, पण उच्चार ह. नाव ‘डब्ल्यू’, पण उच्चार व. नाव ‘एस’, पण उच्चार स. नावे पाठ करणाऱ्याला उच्चार कुणी सांगतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून अक्षर दाखवावे ते उच्चारासह. स, ट, प, न, म, ब हे उच्चार दाखवणारी पाच-सहा अक्षरे आणि ‘ए’, ‘आय’ हे दोन स्वर घेतले, तर ‘बस’सारखे छोटे शब्द एक-एक नवे अक्षर जोडत लगेच वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात एक शब्द स्वतः वाचता आला की भीती निम्मी होते.

रेल्वेची पाटी हेच पुस्तक

१२ जानेवारी २०२४ रोजी ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झाले. त्या स्टेशनाच्या पाटीवर तेच नाव देवनागरीत आहे आणि इंग्रजीतही आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाला याहून चांगले पुस्तक कोणते?

इंग्रजीत दिघा लिहितात ते असे : डी, आय, जी, एच, ए. ‘जी’ म्हणजे ग. त्याच्यापुढे ‘एच’ उभा राहिला की ग चा घ होतो. आता गाडीत बसून वाशीकडे चला. घणसोलीच्या घ साठी पुन्हा जी आणि एच. कोपरखैरणेच्या ख साठी के आणि एच. तुर्भेच्या भ साठी बी आणि एच. वाशीच्या शी मध्ये एस आणि एच. उलट ठाण्याकडे गेलात तर ठ साठी टी आणि एच. एका ‘एच’ ने केवढे काम केले! ही किल्ली एकदा हाती आली की भीम, भारत, धम्म, खंडाळा अशी आपली नावे भराभर उलगडतात.

काही गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवाव्यात. इंग्रजीत ळ नाही, ण नाही. म्हणून रबाळेचा ळ ‘एल’ वर भागवतात आणि ठाण्याचा ण ‘एन’ वर. ट आणि त दोघांना एकच ‘टी’, ड आणि द दोघांना एकच ‘डी’. आणि ‘एच’ ची किल्ली आपल्या नावांना लागते, खास इंग्रजी शब्दांना दर वेळी लागत नाही. ‘लाईट’ लिहिताना मध्ये जी आणि एच लिहितात, पण बोलत नाहीत. हा दोष शिकणाऱ्याचा नाही, त्या भाषेच्या लिखाणाचा आहे. असे शब्द थोडे-थोडे करून नुसते नजरेत बसवायचे.

दुसरे पुस्तक प्रत्येकाच्या पिशवीत आहे. ते म्हणजे आधार कार्ड. त्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे छापलेले असते. नंबर कागदाने झाका आणि फक्त नाव वहीत उतरवा. तिसरे पुस्तक औषधाची पट्टी. त्यावर ई, एक्स, पी ही तीन अक्षरे शोधायची. त्यापुढे औषध कोणत्या महिन्यापर्यंत चालेल ते लिहिलेले असते. एम, एफ, जी ही अक्षरे असली तर ती औषध तयार झाल्याची तारीख. एवढे ओळखता आले तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मुदत संपलेली गोळी दिली जाणार नाही.

आधी चाळिशी, मग वही

चाळिशी उलटली की जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. हा आजार नव्हे, डोळ्याचे वयच ते. पण कितीतरी बाया चष्म्याविना शिकायला बसतात, ओळ दिसत नाही आणि दोष मात्र डोक्याला देतात. म्हणून वही घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. खोलीत उजेड भरपूर असावा, अक्षर मोठे काढावे.

सुरुवातीला मोठ्या लिपीतलीच अक्षरे शिकवावीत. पाट्याही त्याच लिपीत असतात आणि फॉर्मवरही बहुधा तीच मागतात. पुढे छोट्या लिपीत ‘बी’ आणि ‘डी’ यांची गल्लत होईल. एकाचे पोट उजवीकडे, दुसऱ्याचे डावीकडे. ती गल्लत लहान मुलांचीही होते आणि मोठ्यांचीही. परातीत पीठ पसरून त्यावर बोटाने दहा वेळा अक्षर काढले, तर हाताला वळण लागते.

रोज नवे पाच शब्द देण्यापेक्षा कालचे पाच आधी विचारावेत. अर्धा तास पुरे. दिवसभर उभे राहून आलेल्या माणसाला दोन तास बसवणे हा जुलूम आहे. आणि व्याकरण? ते सध्या राहू द्या.

घरातल्या मुला-नातवंडांना आमचे हात जोडून सांगणे आहे. ‘आजी, किती वेळा सांगू?’ हे वाक्य तोंडातून काढू नका. तुम्हाला शाळेत घालण्यासाठी जिने स्वतःची हौस मारली, तिची चूक झाली तर हसायचे नसते. एका हसण्याने महिन्याची मेहनत वाया जाते.

ही वाट नवी नाही

मोठ्या वयात शिकण्याची लाज वाटते त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. मध्येच शाळा सुटलेले जोतीराव फुले १८४१ साली, लग्न झालेले असताना, पुन्हा इंग्रजी शाळेत जाऊन बसले. पुढे १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीमाईंनी आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या सावित्रीमाईंच्या संग्रहात इंग्रजी शिका असे सांगणारी कविता आहे. बाबासाहेबांचे इंग्रजीही आकाशातून पडले नाही. सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तिन्ही पुस्तके पाठ करून घेतली होती. म्हणजे मराठीच्या पायरीवर पाय ठेवूनच ते इंग्रजीत शिरले. मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड नाही, पायरी आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांचे उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. साऊथ कॅरोलिना राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना शाळाच मिळाली नव्हती, ते मतालाही मुकत. १९५७ च्या जानेवारीत सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन्स आयलंडवर एका दुकानामागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू केला. शिकवायला बर्निस रॉबिन्सन होत्या. व्यवसायाने त्या शिक्षिका नव्हत्या, केशरचनेचे काम करीत. त्यांनी आधी लहान मुलांची पुस्तके आणली होती. ती बाजूला ठेवून त्यांनी लोकांनाच विचारले, ‘तुम्हाला काय वाचायचे आहे?’ लोक म्हणाले, आमचे नाव लिहायचे आहे, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे. धडा तिथूनच सुरू झाला. पुढे अशा वर्गांतून हजारो माणसे वाचायला शिकली आणि मतदार झाली.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला आणि साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसू लागल्या. त्या मराठी शिकल्या. ज्यांना मराठीही वाचता येत नाही त्यांनी हीच वाट धरावी. आधी मराठी, मग इंग्रजी. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळासाठी सरकारचा ‘उल्लास’ कार्यक्रम आहे. त्याची चौकशी जवळच्या सरकारी शाळेत करावी.

सही मराठीतच असू द्या

एक गैरसमजही दूर करू. इंग्रजी शिकलो म्हणून सही इंग्रजीत केली पाहिजे असे नाही. मराठीतली सही बँकेत आणि सरकारदरबारी पूर्ण चालते. तिची लाज बाळगू नये. आपल्याला इंग्रजी हवे आहे ते मिरवण्यासाठी नव्हे, तर कुणी पुढे केलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते कळावे म्हणून. आणि जे वाचता आले नाही, त्यावर सही करू नये. ‘घरी नेऊन वाचून घेते, उद्या देते’ असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

आता त्या ताईंचे काय झाले ते सांगतो. दोन महिने त्या आठवड्यातून तीन दिवस समाजमंदिराच्या खोलीत येत होत्या. येता-जाता स्टेशनांच्या पाट्या वाचत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी पिशवीतून ते दोन कागद काढले, सतरंजीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि दोन्ही हातांची बोटे एक-एक अक्षर पुढे सरकवू लागल्या. त्यांच्या नावात भ आहे. एका कागदावर ‘बी’ च्या पुढे ‘एच’ होता. दुसऱ्यावर नव्हता. बोट तिथेच थांबले.

‘हे बघा,’ त्या म्हणाल्या, ‘माझा तुर्भेवाला एच खाल्ला यांनी!’

सगळ्या बाया हसल्या. ताईही हसल्या, पण या हसण्याखाली भीती नव्हती. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी दिला आहे. पैसे अजून हाती यायचे आहेत. पण या वेळी कार्यालयात जाताना त्यांनी सोबत कुणालाही नेले नाही. चूक कुठे आहे, ते बोट ठेवून त्यांनी स्वतः दाखवले.

तेव्हा आमच्या वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आज रात्री जेवणे आटोपली की घरातल्या आईला, आजीला, मावशीला तिचे आधार कार्ड काढायला सांगा. नंबर झाका. मराठीतल्या नावावर तिचे एक बोट ठेवा, इंग्रजीतल्या नावावर दुसरे. पहिले अक्षर विचारा. पहिल्या दिवशी तेवढेच पुरे.