फळांच्या केकच्या कडा का करपतात?

फळांचा केक करपतो तो कडेने. पत्र्याचे भांडे लवकर तापते आणि त्याला टेकलेले मिश्रण गाभ्याच्या कितीतरी आधी शिजते. साध्या स्पंज केकला हा फरक जाणवत नाही, कारण तो १८० अंश सेल्सिअसला अर्ध्या-पाऊण तासात तयार होतो. फळांचा केक जड असतो. त्यात मैद्याहून फळेच जास्त असतात, आणि आठ इंची भांड्यातल्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला अडीच-तीन तास जातात. तेवढा वेळ कडा भाजतच राहतात. शिवाय बेदाणे, खजूर, अंजीर यांतली फळसाखर नेहमीच्या साखरेपेक्षा कमी तापमानाला काळवंडते. वर डोकावणारा बेदाणा सर्वांत आधी जळून कडू होतो तो यामुळेच. असे दाणे चमच्याने आत दाबून टाकावेत.

कोकणातले काकडीचे धोंडस पूर्वापार खाली-वर निखारे ठेवून भाजतात. गोव्याच्या बिबिंकचा एकेक थर वरून आच देऊन भाजला जातो. दोन्हींत भांड्याच्या अंगाला थेट निखारा लागत नाही. ओव्हनमध्ये मात्र उष्णता चहूबाजूंनी येते, त्यामुळे आडोसा करावा लागतो. भांड्याला आतून बटर पेपरचे दोन थर लावावेत. हा कागद काठाच्या इंचभर वर यावा. बाहेरून जाड खाकी कागदाची दुहेरी पट्टी गुंडाळून सुतळीने बांधावी. काळे भांडे उष्णता जास्त ओढून घेते, म्हणून चकचकीत भांडे बरे. तापमान १४० ते १५० अंशांच्या वर नेऊ नये. लहान ओव्हनमध्ये कॉइल केकच्या अगदी जवळ असते, तेव्हा वरची कॉइल बंद ठेवावी आणि खालच्या जाळीवर पाण्याची वाटी ठेवावी. वरून रंग आला की फॉइल सैलसर झाकावी.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावात घरचा केक बहुधा गॅसवर, जुन्या कुकरात होतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवतात, तळाशी इंचभर मीठ किंवा वाळू पसरतात, त्यावर स्टँड ठेवतात आणि दहा मिनिटे तापवून मग भांडे आत सोडतात. इथे आच फक्त खालून येते, त्यामुळे आधी करपते ती तळाची कड. कुकरखाली जाड तवा ठेवला की ती वाचते. भांडे कुकरच्या भिंतीला टेकता कामा नये. सहा इंची केकला मंद आचेवर साधारण सव्वा ते दीड तास लागतो. झाकणाखाली वाफ राहिल्याने वरचा भाग सुकत नाही, पण रंग फिका येतो. फळांच्या केकला ते चालून जाते.

ओलावा ठरतो तो भाजण्याआधी. कोरडी फळे मिश्रणातले पाणी शोषून घेतात आणि केक भुसभुशीत होतो. म्हणून ती किमान रात्रभर भिजवावीत. नाताळच्या केकसाठी कित्येक घरांत ती रममध्ये महिनोन्‌महिने मुरवतात. रम नको असेल तर फळांचा रस किंवा कोरा चहाही चालतो. मराठवाड्यात मोसंबी मुबलक, पण तिचा रस ठेवला की कडवट होत जातो. त्यापेक्षा संत्र्याचा रस घ्यावा. तासगावचा बेदाणा असो वा दुसरा कुठला, तो आधी कोमट पाण्यात धुवावा, कारण द्राक्षे लवकर सुकावीत म्हणून ती बऱ्याचदा डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली असतात. फळे मैद्यात घोळवली की तळाशी जात नाहीत असे सांगतात, पण मिश्रणच पातळ असेल तर त्या घोळवण्याचा फारसा उपयोग नाही.

मिश्रण ओतल्यावर मध्यभागी चमच्याच्या पाठीने उथळ खळगा करावा, म्हणजे फुगल्यावर माथा सपाट राहतो. शेवटच्या अर्ध्या तासात विणकामाची सुई मध्यात खुपसून पाहावी. तिला ओले पीठ चिकटले नाही की केक झाला. भिजलेल्या फळाचा चिकटपणा मात्र तिला लागणारच. तो कच्चेपणा समजून केक आणखी भाजत ठेवला, की तो हमखास कोरडा होतो. केक भांड्यातच गार होऊ द्यावा आणि गरम असतानाच त्यावर दोन-तीन चमचे रम किंवा रस शिंपडावा. नंतर तो बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवावा. फळांतले आम्ल ॲल्युमिनियमला खाते, त्यामुळे फॉइल थेट केकला लावू नये. एक-दोन दिवसांत फळांतला ओलावा सगळीकडे पसरतो आणि सुरी फिरवली तरी चुरा पडत नाही. रमचा केक कित्येक आठवडे टिकतो. रस वापरलेला मात्र फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावा.